घामाचं वेळापत्रक

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रं हातात पडली की मला पुण्याहून एक तरी फोन येतो. कॉलेजातला ज्युनियर, मामेभावाचा मित्र, जुन्या टीममधलं कुणीतरी. संवाद साधारण ठरलेला. "दादा, चेन्नईची ऑफर आलीये. पैसे बरे देतायत. पण फार गरम होतं का रे तिकडे?"

होतं. फार होतं. पण हे उत्तर ऐकून फोन करणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्या डोक्यातलं 'गरम' पुण्याचं असतं. २०१४ साली हिंजवडीतून उठून इथे ओएमआरवर आलो, तेव्हापासून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदा सगळं लिहूनच टाकतो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगतो. चेन्नईतून परत गेलेली जी मराठी मंडळी मी पाहिली, त्यातली बरीचशी पुण्याचं घड्याळ आणि पुण्याचं कॅलेंडर घेऊन आली होती. ते इथे एसीच्या जोरावर रेटायचा प्रयत्न केला आणि दीड-दोन वर्षांत दमली. इथल्या उकाड्याशी वेळापत्रकाने जमवून घ्यावं लागतं, नुसत्या रिमोटने भागत नाही.

आता सविस्तर.

आकडा बघून येणारा माणूस हमखास फसतो. चेन्नईचं मे महिन्यातलं कमाल तापमान बहुतेक दिवस ३७-३८ च्या आसपास असतं. (नुंगमबाक्कमचा उच्चांक ४५ अंश आहे, ३१ मे २००३ चा. पण असे दिवस विरळा.) म्हणजे पुण्याएवढंच की! आमच्या टीममध्ये एक नागपूरकर आला होता, त्याला तर ३८ हा आकडा ऐकून हसूच फुटलं. "आमच्याकडे एवढ्यात लग्नं लागतात," म्हणाला. सामानाच्या ट्रकमधून गडी स्वतःचा कूलर घेऊन आला होता. लोखंडी, भलामोठा, वाळ्याच्या ताट्या लावलेला. पहिल्याच रात्री त्याने तो पाणी भरून सुरू केला आणि तासाभरात बेडरूमचं इडलीपात्र झालं. भिंतींना हात लावला तर ओल. चादर ओली, उशी ओली आणि नागपूरकर सगळ्यात जास्त ओला.

कारण अगदी आठवीच्या विज्ञानाचं आहे. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. नागपूरची हवा कोरडी, ती पाणी पिऊन टाकते. इथली हवा आधीच पोटभर पाणी प्यायलेली, तिला अजून किती पाजणार? आणि आपलं शरीर म्हणजे तरी काय, चालता-बोलता कूलरच. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर अंगातून साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी तो वाळायला हवा. नुसता ओघळून बनियनमध्ये मुरला तर तुमचं पाणी गेलं, मीठ गेलं आणि थंडावा शून्य.

ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर किती दाखवतो त्यावरून हे बरोबर कळतं. पुण्यात ३९ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असेल तर तो ओला थर्मामीटर २१ च्या आसपास थांबतो. चेन्नईत ३७ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला तो २८ दाखवतो. कोरड्या थर्मामीटरवर चेन्नई दोन अंशांनी थंड, आणि अंगाला जाणवणाऱ्या हिशेबात सात अंशांनी गरम! म्हणून हवामानाचं ॲप उघडलंत तर मोठ्या अक्षरातला आकडा सोडा आणि खाली कुठेतरी दवबिंदू लिहिलेला असतो तो बघा. पुण्यातल्या कोरड्या एप्रिल दुपारी तो १० च्या आसपास असतो. १६ पर्यंत खुशाल फिरा, विशीच्या पुढे चिकचिक सुरू. इथे मे महिन्यात तो २५ ला चिकटून बसतो आणि रात्रीही हलत नाही. ॲप नको असेल तर चष्मा आहेच. २२ डिग्रीवर ठेवलेल्या ऑफिसातून बाहेर पाऊल टाकलं की काचा धुकटतात, थंड पाण्याचा ग्लास बाहेरून भिजावा तशा. नव्याने आलेले सगळे पहिला आठवडा गेटबाहेर उभे राहून चष्मे पुसत असतात. सिक्युरिटीवाल्यांना त्यावरूनच नवीन जॉइनी ओळखू येतात.

रात्रीचा मुद्दा मला दुपारपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पुण्यात कितीही ऊन पडलं तरी रात्री दहानंतर गच्चीवर वाऱ्याची झुळूक येते, पारा २२-२३ वर उतरतो, शरीराला सुट्टी मिळते. चेन्नईत मे महिन्याची पहाटही २७-२८ ची. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पीक लोडमुळे पडत नाही हो, रात्रीचा मेंटेनन्स विंडो काढून घेतल्यामुळे पडतो. पहिल्या उन्हाळ्यात माणसं चिडचिडी होतात, नवरा-बायकोत भांडणं होतात, कोड रिव्ह्यूमध्ये उगाच खडूस शेरे लिहिले जातात. त्यातलं निम्मं निव्वळ झोप न झाल्याचं असतं. त्यामुळे एका खोलीला चांगला एसी घ्या, यात दुमत नाही. फक्त तो रात्रीसाठी घ्या. त्याबद्दल पुढे.

आता कॅलेंडर. हे कुणीच सांगत नाही आणि हेच सगळ्यात जास्त अंगावर येतं.

आपल्या मराठी शरीरात ७ जून कोरलेला आहे. मे महिन्यात आपण कितीही तडफडलो तरी आत कुठेतरी खात्री असते की आता रोहिणी, मग मृग, मग पहिला पाऊस, मातीचा वास, भजी, सुटलो! चेन्नईत ७ जून येतो आणि जातो. काही होत नाही. इथे मे महिन्यात 'अग्नी नक्षत्रम' असतं, यालाच 'कत्तिरी' म्हणतात. सूर्य कृत्तिकेच्या आसपास असतो ते साधारण ४ मे ते २८ मे हे दिवस. ते संपले की इथले लोक पंचांग बघून हुश्श करतात, पण पारा पंचांग बघत नाही. अख्खा जून तापतो. २०२३ साली तर उन्हामुळे तमिळनाडूतल्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलल्या होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी कधीतरी ढग गडगडतात, तासभर कोसळून जातात. तुम्ही पुण्याच्या ग्रुपवर ताम्हिणीचे हिरवेगार फोटो बघत बसता आणि खिडकीबाहेर पांढरंफटक ऊन. घरची सगळ्यात जास्त आठवण मला एप्रिल-मेमध्ये नाही, जुलैत येते.

इथला खरा पाऊस दसऱ्यानंतर. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाला सुमारे १४०० मिलीमीटर पडतो, म्हणजे पुणे शहराच्या जवळपास दुप्पट, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास या तीन महिन्यांत. दिवाळीचा फराळ डब्यातून काढेपर्यंत सादळतो. (चकल्या हवाबंद डब्यात, आणि डबा फ्रिजमध्ये. आईला हे सांगितलं तेव्हा तिने जो चेहरा केला तो विसरणार नाही.) मग डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी महिना लागतो, हवा गोड होते, सगळीकडे कर्नाटक संगीताच्या मैफली सुरू होतात आणि शहर एकदम राहण्यालायक वाटायला लागतं. हे सुख फेब्रुवारीपर्यंत टिकतं. म्हणजे सहली, पाहुणे, घर बदलणं, बारशी, सगळं डिसेंबर-जानेवारीत बसवायचं. मे महिन्यात काही ठरवायचंच नाही.

कॅलेंडरनंतर घड्याळ. चेन्नई पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ साडेसहा रेखांश. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य इथे पंचवीस मिनिटं आधी डोक्यावर येतो, घड्याळ मात्र तेच. म्हणजे पुण्यात साडेआठला बाहेर पडणारा माणूस इथे साडेआठलाच निघाला तर तो सूर्याच्या हिशेबात उशिरा निघालेला असतो. इथले लोक हे जाणतात. पहाटे साडेपाचला बेझंट नगरच्या किनाऱ्यावर चालणाऱ्यांची जत्रा असते, दारात कोलम काढून झालेली असते, कॉफीचा दुसरा राउंड चालू असतो. देवळं दुपारी बंद होतात ती थेट चारच्या सुमारास उघडतात. गल्लीतला दुकानदार दुपारी शटर अर्धं ओढून आत पंख्याखाली आडवा होतो. नवीन आलेले यावर हसतात. पुण्यातून आलेल्याने दुपारी एक ते चार बंद या विषयावर हसावं हा एक विनोदच आहे म्हणा :-)

शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? ते मार्कांपुरते नसतात असा साक्षात्कार इथे होतो. सकाळी जमिनीवरून पश्चिमेचा कोरडा वारा, पारा भराभर चढतो. मग बारा ते दोनच्या दरम्यान कधीतरी समुद्रावरून खारा वारा आत शिरतो आणि तापमान तिथेच अडतं, थोडं उतरतंही. वारा बाराला आला तर दिवस ३६-३७ वर सुटतो. पश्चिमेच्या वाऱ्याने त्याला तीनपर्यंत अडवून धरलं तर ४१. मीनमबाक्कमचा विमानतळ समुद्रापासून आत, तिथे वारा उशिरा पोचतो, म्हणून तिथला आकडा बहुधा नुंगमबाक्कमपेक्षा जास्त. आमच्या ऑफिसातली तमिळ मंडळी दुपारी झाडाच्या शेंड्याकडे बघून सांगतात, "वारा आला." त्याआधी जेवायला बाहेर पडायचं नाही, आल्यावर पडायचं. इतकं साधं.

आणि यातूनच घर कसं निवडायचं ते कळतं. आपण पश्चिम किनाऱ्याच्या हिशेबाने वाढलेले. आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेची गॅलरी म्हणजे चैन. इथे समुद्र पूर्वेला आहे! पश्चिमेच्या खोलीला दुपारभर ऊन मिळतं, वारा काही मिळत नाही, आणि ती भिंत रात्री अकरापर्यंत तव्यासारखी उष्णता सोडत राहते. बेडरूमची खिडकी पूर्वेला किंवा आग्नेयेला हवी, आणि समोरासमोर दुसरी खिडकी हवी. सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, स्लॅब दिवसभर तापतो. घेतलाच तर गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग आहे का बघा. ब्रोकर तुम्हाला स्विमिंग पूल, जिम आणि वास्तू सांगेल. तुम्ही होकायंत्र घेऊन जा, मोबाइलमध्ये असतंच.

पण दिशेपेक्षाही वरचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही पाण्याचे. एक, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? दोन, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं?

२०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. ओएमआरवरच्या कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं, कारण ऑफिसच्या संडासात पाणी नव्हतं. (तेव्हा वर्क फ्रॉम होम ही बातमी व्हायची!) १२ जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लीटर. आपल्याला हे दृश्य नवीन नाही. २०१६ ला मिरजेहून लातूरला जलदूत जात होतीच. फरक एवढाच की इथे ती लाखांनी पॅकेज घेणाऱ्यांच्या शहरात आली. मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत, २००३ पासून प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहे. तरी तुमच्या सोसायटीत मेट्रो वॉटर येतं, बोअरचं येतं की लॉरीचं, हे करार करण्याआधी विचारा. इथे टँकरला लॉरी म्हणतात. समुद्राजवळचं बोअर बऱ्याचदा मचूळ निघतं. नळ उघडून जिभेवर थेंब ठेवून बघा. मेंटेनन्समध्ये लॉरीचे पैसे धरलेत की वेगळे, तेही विचारा. उन्हाळ्यात हा आकडा भाड्याला लाजवतो.

दुसरा प्रश्न ब्रोकरला विचारू नका. इस्त्रीवाल्याला विचारा. "२०१५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" हा प्रश्न मोडक्या तमिळमध्येही कळतो, आणि तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो. १ आणि २ डिसेंबर २०१५ ला अड्यार नदी शहरात घुसली, विमानतळाची धावपट्टी तळं झाली, 'द हिंदू'चा २ डिसेंबरचा अंक चेन्नईत छापता आला नाही. २०२३ ला मिचाँग वादळ नुसतं बाजूने निघून गेलं तरी वेळचेरी-पळ्ळिकरणै भागात दिवसेंदिवस पाणी होतं. या शहरात पूर्वी तळी होती. टी. नगर १९२० च्या दशकात एक लांबलचक तळं आटवूनच वसवलं. ओएमआरच्या काठाची पळ्ळिकरणैची दलदल आता रामसर यादीत आहे, पण तिच्या कडेकडेने आमच्यासारख्यांची ऑफिसं आणि टॉवर कधीच उभे राहिले. पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर येतं, त्याला दोष कसा देणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या पावसाचा इशारा मिळताच वेळचेरीच्या लोकांनी आपल्या गाड्या रात्रीच उड्डाणपुलावर नेऊन रांगेत लावल्या. मला तो फोटो फार आवडतो. तळमजला आणि बेसमेंट पार्किंग टाळा. जनरेटर बेसमेंटमध्ये असेल तर तो ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी पाण्यात असेल, हेही लक्षात असू द्या. २०१६ च्या डिसेंबरात वर्दा वादळ आलं तेव्हा शहरातल्या काही भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती.

किरकोळ गोष्टी पटापट. लोखंड गंजतं, दुचाकीची साखळी महिन्याला तेल मागते, एसीच्या बाहेरच्या युनिटचं कॉइल खाऱ्या हवेने खातं. समुद्र जवळ असेल तर गंजरोधक मुलामा दिलेलं घ्या. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी येते, चामडी पट्ट्याला येते, पुस्तकांना येते. मिठात तांदळाचे दाणे. जीन्स घरी न्यायच्या नाहीत, नोव्हेंबरात त्या वाळतच नाहीत. घामोळं येणार. जांघेत, काखेत खाज सुटून गोल चट्टे उठले तर मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. विजेचं बिल, म्हणजे 'ईबी', दोन महिन्यांनी येतं. पहिली १०० युनिटं फुकट, पण ५०० ओलांडलीत की खालच्या टप्प्यांचेही दर बदलतात. म्हणजे ५०१ वं युनिट एकटं येत नाही. ज्याने हा स्लॅब बनवला तो आपल्याच क्षेत्रातला असावा, इफ-एल्स चांगलं लिहितो.

आता एसी. शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं. शरीर स्वतःच स्वतःला अपग्रेड करतं, फुकट. अट एकच, त्याला रोज तास-दीड तास तरी उकाडा मिळायला हवा. आपली मंडळी काय करतात? एसी बेडरूम, एसी कॅब, एसी ऑफिस, एसी मॉल. दोन वर्षं चेन्नईत काढूनही शरीर चेन्नईत आलेलंच नसतं. मग ज्या दिवशी वीज जाते किंवा लिफ्ट बंद पडते त्या दिवशी तेच शरीर एकदम ३५ अंशांत उघडं पडतं. म्हणून म्हणतो, दिवसा पंखा, रात्री एसी २६ वर आणि वर पंखा. नवे एसी २०२० पासून २४ वर सुरू होतात ते उगाच नाही. १८ वर ठेवून वर दुलई घेणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, ते ईबीवाले बघून घेतील.

यात एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. आई-बाबांना मे महिन्यात बोलावू नका. नातवंडांना सुट्टी असते, पुण्यातही गरमच असतं, चेन्नईला समुद्र आहे, असा सगळा विचार करून ते नेमके तेव्हाच येतात. सत्तरीच्या शरीराला घाम कमी येतो, तहान कमी लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी आणखी काढतात. आमच्या मजल्यावरचे एक काका इंदूरहून मुलीकडे आले होते. रोजच्या सवयीने सकाळी आठला फिरायला गेले आणि परतताना लिफ्टसमोर खाली बसले. बोलणं असंबद्ध झालं होतं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून बरं झालं, पण चार दिवस मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गोंधळल्यासारखं बोलणं हे उष्माघाताचं लक्षण आहे, तेव्हा लिंबू-सरबत करत बसायचं नाही. अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन. यायचंच असेल तर त्यांना पोंगलला बोलवा, आणि यायच्या आधी गोळ्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

खाण्याचं म्हणाल तर इथल्या लोकांनी सगळं आधीच शोधून ठेवलंय. पातळ ताकाला 'मोर', शहाळ्याला 'इळनीर', ताडगोळ्यांना 'नुंगू'. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी ताक, कांदा, मिरची घालून खातात तो 'पळय सोरु'. तो खाऊन सकाळच्या स्टँडअपला जा, मग आमच्या पोहे-उपम्याची कीव येते. (हे वाक्य बायको वाचणार आहे याची मला जाणीव आहे.) वाळा आपलाच. त्याची मुळी इथेही माठात टाकतात. भाषा येत नसेल तर अण्णा आणि अक्का या दोन शब्दांवर निम्मं चेन्नई चालतं, आणि ते दोन्ही आपल्याकडेही आहेतच. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या काळात तंजावरला आलेल्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. ते टिकले ते इथला भात, इथलं ताक आणि इथली दुपारची झोप स्वीकारून, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पुरावा मागू नका.

एक गोष्ट मात्र या वेळापत्रकात बसत नाही. मी म्हणतोय सकाळी लवकर निघा, दुपारी बाहेर पडू नका. हे मी म्हणू शकतो. आमच्या गेटवरचा माणूस म्हणू शकत नाही. त्याला पॉलिस्टरचा गडद निळा गणवेश, डोक्यावर टोपी, पायात बूट, आणि ड्युटी बारा तासांची. दुपारी दोनला मी ॲपवरून बिर्याणी मागवतो तेव्हा माझी उष्णता मी फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवत असतो. तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा देण्याचा कायदा केला. २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिली. २०२५ मध्ये चेन्नई महापालिकेने डिलिव्हरीवाल्यांसाठी वातानुकूलित विश्रांतीच्या खोल्या सुरू केल्या. सरकार म्हणून हे थोडं असेल, पण दिशा बरोबर आहे. आमच्या सोसायटीत मात्र गेटच्या केबिनला पंखा लावायचा की नाही यावर तीन सर्वसाधारण सभा झाल्या. मुद्दा काय, तर वीज कुणाच्या मीटरवर. त्या सभा क्लब हाउसमध्ये झाल्या, एसी २० वर ठेवून. शेवटी चार घरांनी वर्गणी काढून पंखा लावला आणि गणवेश सुती करून घेतला. नवीन घर बघायला जाल तेव्हा गेटवरच्या केबिनमध्ये पंखा आहे का, तेही बघा. त्या सोसायटीबद्दल एका नजरेत बरंच कळतं.

तर, ऑफर घ्यायची का? घ्या. फक्त पगारावर घासाघीस करताना जॉइनिंगच्या तारखेवरही करा. एचआरवाले एप्रिल म्हणतील, नवीन आर्थिक वर्ष वगैरे. तुम्ही पुढचा जानेवारी मागा, नोटीस पिरियडचं निमित्त सांगा, काहीही सांगा. जानेवारीत आलात तर शरीर हवेबरोबर हळूहळू वर चढतं, घर शोधायला पावसाच्या खुणा भिंतींवर ताज्या असतात, आणि इस्त्रीवाल्याला सगळं आठवत असतं. पोंगल साधारण १४-१५ जानेवारीला असतो, आपल्या संक्रांतीच्या वेळी. त्या आठवड्यात ट्रक मिळत नाही, तेव्हा सामान आधी आणा किंवा नंतर. कूलर विकून या.